हिरव्या टोमॅटोचा सालसा : बाटलीबंद करताना सामू सांभाळा

(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



टोमॅटोचा प्लॉट मोडताना झाडांवर बरीच हिरवी फळे शिल्लक राहतात. त्यांना बाजारात उठाव नसतो. थोडी घरी चटणीला लागतात, बाकीची बांधावर पडतात. या फळांपासून वर्षभर टिकणारा एक पदार्थ घरी करता येतो. तो म्हणजे हिरवा सालसा.

हा पदार्थ मूळचा मेक्सिकोचा. तेथे तो टोमॅटिलो या फळापासून करतात. टोमॅटिलो टोमॅटोच्याच कुळातले असून रसभरीसारख्या कागदी वेष्टनात वाढते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या घरगुती डबाबंदीच्या मार्गदर्शिकेत या सालशाची तपासलेली कृती आहे. तीत टोमॅटिलोऐवजी हिरवे टोमॅटो चालतात.

आंबटपणा का महत्त्वाचा?

आपण जमिनीचा सामू तपासतो, तसाच खाद्यपदार्थालाही सामू असतो. मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचे जिवाणू असतात. त्यांचे बीजाणू उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. बाटलीत हवा नसेल आणि पदार्थाचा सामू ४.६ पेक्षा जास्त असेल, तर ते वाढून जीवघेणे विष तयार करतात. त्या विषाला वास किंवा चव असेलच असे नाही. कांदा, लसूण व मिरची ही कमी आंबट असल्याने ती वाढली की सामू वर जातो. म्हणून लिंबाचा रस येथे चवीसाठी नसून संरक्षणासाठी आहे.

मीही एकदा चूक केली. सालसा फार आंबट लागला म्हणून पुढच्या खेपेस रस निम्मा केला आणि कांदा वाढवला. त्याच संध्याकाळी चूक लक्षात आली व मी सर्व बाटल्या टाकून दिल्या. आई म्हणाली, "अरे, वास तर चांगला येतोय, टाकतोस कशाला?" वासावर विसंबता येत नाही, हेच तिला समजावून सांगावे लागले.

साहित्य (सुमारे अर्ध्या लिटरच्या ५ बाटल्यांसाठी, कप २४० मिलीचा)

चिरलेले हिरवे टोमॅटो ५ कप, बिया काढून चिरलेली हिरवी मिरची २ कप (दीड कप लांब, कमी तिखट व अर्धा कप तिखट), चिरलेला कांदा ४ कप, एकसारख्या आंबटपणाचा बाटलीतील लिंबूरस १ कप, बारीक चिरलेल्या लसणाच्या ६ पाकळ्या, मीठ १ मोठा चमचा, मिरपूड १ लहान चमचा. आवडीनुसार जिरेपूड १ मोठा चमचा.

मिरचीची जात बदलली तरी चालेल, एकूण माप वाढवू नये. लिंबूरसाऐवजी व्हिनेगर वापरू नये. फळे निरोगी झाडांवरचीच घ्यावीत. करप्याने मेलेल्या झाडांवरची नकोत. शेवटच्या फवारणीनंतरचा प्रतीक्षा काळ पूर्ण झालेला असावा.

कृती

लांब मिरच्या साल फुगून काळी पडेपर्यंत विस्तवावर भाजाव्यात. थोडा वेळ झाकून ठेवून साल व बिया काढाव्यात. हातमोजे घालावेत. सर्व साहित्य मोठ्या पातेल्यात एकत्र करून सतत ढवळत उकळी आणावी. नंतर आंच कमी करून २० मिनिटे शिजवावे.

गरम बाटल्यांत गरम सालसा भरून वर अर्धा इंच जागा सोडावी. बाटल्या अर्ध्या लिटरपेक्षा मोठ्या नसाव्यात. चकती व फिरकीचे कडे अशा दोन भागांचे झाकण असावे, चकती दर वेळी नवी घ्यावी. बाटलीचा काठ पुसून झाकण लावावे. बाटल्या खोल भांड्यात जाळीवर ठेवून झाकणांवर १ ते २ इंच पाणी राहील असे बुडवाव्यात. पाणी खळखळून उकळू लागल्यावर वेळ मोजावी. कोकण किनारपट्टीत १५ मिनिटे पुरतात. समुद्रसपाटीपासून १,००० फुटांवरच्या पुणे-नाशिकसारख्या भागात पाणी कमी तापमानाला उकळते, म्हणून २० मिनिटे द्यावीत. कुकरच्या शिट्ट्यांवर हे काम करू नये.

बाटल्या १२ ते २४ तास न हलवता निवू द्याव्यात. चकती मध्ये दाबून खालीवर होत असेल तर ती बाटली फ्रीजमध्ये ठेवून लवकर संपवावी. नीट बंद झालेल्या बाटल्या थंड, अंधाऱ्या जागी ठेवून वर्षाच्या आत वापराव्यात. झाकण फुगलेले वा गळती दिसल्यास पदार्थ चाखूनही पाहू नये.

घरच्या चटणीचे काय?

दाण्याचा कूट, तीळ, खोबरे घातलेली आपली हिरव्या टोमॅटोची चटणी रुचकर असते, परंतु ती या पद्धतीने बाटलीबंद करू नये. तिचा आंबटपणा मोजलेला नसतो. टोमॅटोही भाजून सालसा करायचा असेल, तर तो फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवावा. कोथिंबीर वाढताना घालावी.

बचत गटांनी विक्री करायची झाल्यास आधी अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी व सामू प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.

भगिनींनो, स्वयंपाकात अंदाज हे आपले कौशल्य आहे. फक्त बाटली बंद करताना तो बाजूला ठेवा आणि माप हाती घ्या.