लोणारच्या तळातला वायू

लोणार सरोवरातून एकही नदी बाहेर पडत नाही. मग त्याच्या पाण्याचा हिशेब मांडायचा कसा? पाऊस मोजता येतो, काठावरच्या धारेचं, म्हणजे झऱ्याचं, पाणी दिसतं. जमिनीखालून तळात झिरपणारं पाणी मात्र दिसत नाही. ते ओळखायला रेडॉन उपयोगी पडतो.

खडकातल्या युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून हा रंगहीन, गंधहीन किरणोत्सारी वायू बनतो. भूजलात तो साठतो, उघड्या पाण्यातून उडून जातो. अर्धायुकाल जेमतेम 3.8 दिवस. म्हणजे तळाजवळच्या पाण्यात रेडॉन जास्त सापडला, तर तिथे भूजल नुकतंच आत आलं असावं.

पण इथेच गोम आहे. तळाचा गाळही रेडॉन सोडतो. तो वजा केला नाही तर सगळा हिशेब फसतो. म्हणून गाळ आणि पाणी हवाबंद बाटलीत तीन-चार आठवडे ठेवतात. तोवर तयार होणारा आणि क्षय पावणारा रेडॉन समतोलात येतो. मग बुडबुडे सोडून पाण्यातला वायू बाहेर काढतात आणि त्याचे अल्फा कण मोजतात. भाभा अणुसंशोधन केंद्रानेही रेडॉन मोजणारं उपकरण विकसित केलं आहे.

लोणारचा खडक काळा बसाल्ट. ग्रॅनाइटपेक्षा त्यात युरेनियम कमी, त्यामुळे संकेतही क्षीण. गाळाची मोजणी इथे टाळून चालणारच नाही. लोणारच्याच जिल्ह्यात उगम पावणाऱ्या पैनगंगेला उन्हाळ्यात भूजल कुठे मिळतं, हे शोधायलाही हीच रीत चालेल.

आणि हो, सरोवराकाठी फिरताना घाबरू नका. उघड्या हवेत रेडॉन लगेच विरतो. धोका असतो तो हवा न खेळणाऱ्या बंद खोल्यांत.