हप्ता पडला की भाडं

(संस्थेच्या हितचिंतक मेळाव्यात नाशिकच्या एका घरमालक भगिनींनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



मला भाषणाची सवय नाही. टपाल खात्यात काउंटरवर बत्तीस वर्षं काढली. तिथे लोक बोलतात आणि आपण शिक्के मारतो. आज उलटं झालंय.

आदिवासी मुलांना खोल्या देणाऱ्या काकू म्हणून तुम्ही मला बोलावलंत. पण मी एका मुलाला खोलीतून काढलंही आहे. ते आधी सांगते.

आमचं घर म्हसरूळला. यजमान गेल्यावर वरचा मजला रिकामा पडला. दोन खोल्या, मोरी, बाहेरून जिना. घराचं कर्ज फिटायचं होतं, म्हणजे भाडं ही माझी हौस नव्हती, गरज होती. २०१८ च्या जूनअखेर तीन मुलं आली. दोघं पेठ तालुक्यातले, एक सुरगाण्याकडचा, तो बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. त्याआधी दोन घरांत आडनाव आणि गाव ऐकूनच त्यांना नकार मिळाला होता. मी तसं काही विचारलं नाही. मी एवढंच विचारलं, "भाडं कोण भरणार?"

ती म्हणाली, "काकू, स्वयम् आहे."

तुम्हा बऱ्याच जणांना ही योजना ठाऊक आहे, तरी नव्या मंडळींसाठी सांगते. बारावीनंतर शिकणाऱ्या ज्या आदिवासी मुलांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात सरकार राहण्याजेवण्याचे पैसे टाकतं. पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, २०१६ साली सुरू झाली. नाशिकसारख्या शहरात तेव्हा वर्षाला ५१ हजार होते: जेवणाचे २८, राहण्याचे १५ आणि वरखर्चाचे ८ हजार.

मी ५१ हजार तेवढे ऐकले, त्यांची फोड काही ऐकली नाही. आधीच्या कुटुंबाकडून चार हजार घेत होते, या मुलांना सहा सांगितले. सरकार देतंय ना, मग काय! वर दहा हजार डिपॉझिट. त्यातले पाच हजार सुरगाण्याच्या मुलाच्या वडिलांनी द्राक्षबागेच्या मालकाकडून उचल घेऊन दिले होते. ते पुढे ऑक्टोबरच्या छाटणीला राबून फेडायचे. हे मला फार उशिरा कळलं.

आता हिशोब बघा. राहण्याचे १५ हजार दहा महिन्यांवर वाटले तर महिन्याला दीड हजार होतात. मी डोईवर दोन हजार लावले होते. म्हणजे वरचे पाचशे त्यांच्या ताटातून काढत होते. मुलं एक वेळ भात-वरण करायची आणि रात्री तेच खायची.

जुलै गेला, ऑगस्ट गेला, पैसे नाहीत. जिन्यात गाठ पडली की मुलं मान खाली घालून म्हणायची, "काकू, अजून हप्ता पडला नाही." मला वाटायचं, थापा मारतात. तसं नसतं. प्रवेश झाल्यावर अर्ज, मग कागदांची तपासणी, मग यादी, मग बँक. आणि पैसे येतात तेही दर महिन्याला नाही, काही महिन्यांचे एकदम. त्या वर्षी पहिला हप्ता दिवाळीच्या सुमारास पडला. आमच्या टपालात बचतीची व्याजं तिमाहीला द्यायची मला सवय होती, तरी हे डोक्यात शिरलं नाही.

सप्टेंबरात मी सांगितलं, रविवारपर्यंत भाडं द्या, नाहीतर खोली सोडा. दोघांनी मित्रांकडून उसने आणले. सुरगाण्याच्या मुलाने पत्र्याची पेटी उचलली, "काकू, येतो" म्हणाला आणि गेला.

त्याच्याकडे माझे थकले होते चार हजार. त्याच्या वडिलांचे पाच हजार माझ्या कपाटात होते. माझं काहीच बुडत नव्हतं. हे मला त्याच दिवशी दिसायला हवं होतं, आणि त्याला ते मागायचंही सुचलं नाही.

गावाहून रोज कॉलेजला येणं शक्य नव्हतं. योजनेत ८० टक्के उपस्थितीची अट आहे. हजेरी तुटली, त्यामुळे पुढचे पैसेही तुटले. परीक्षेला तो बसलाच नाही. इकडे त्याची जागा जूनपर्यंत रिकामी राहिली. चार हजारांसाठी मी स्वतःचे सोळा हजार घालवले आणि त्याचं वर्ष घालवलं. नोव्हेंबरात त्याची मनीऑर्डर आली, पूर्ण चार हजारांची, माझ्याच जुन्या काउंटरवरून. मी वडिलांचे पाच हजार दुसऱ्या दिवशी धाडले. तो आता वणीला एका दुकानात कामाला आहे. बीएस्सी राहिली ती राहिलीच.

पुढच्या वर्षीपासून मी भाडं साडेचार हजारांवर आणलं, तिघांचे दीड-दीड हजार. घ्यायचं ते हप्ता पडल्यावर. विजेचं बिल मात्र मुलं दर महिन्याला भरतात, आळस नको. डिपॉझिट एका महिन्याचं. मे महिन्यात मुलं घरी जातात, पेट्या खोलीत राहतात, त्याचे मी घेत नाही.

करारनामा मात्र पक्का. तोंडी व्यवहारात मुलांचं भलं आहे असं आपल्याला वाटतं, ते खरं नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तो नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय राहण्याचा पुरावा म्हणून मुलं माझ्याकडे तोच कागद मागतात. तुमचा आळस त्यांच्या अर्जाला नडू शकतो. मी अकरा महिन्यांचा करार करते, तिघांची नावं घालते, भाडं कधी द्यायचं ते त्यात लिहिते आणि पोलिसांकडे माहिती देते.

सगळं गोडगोड आहे असं समजू नका. एकाने हप्ता पडल्या पडल्या मोबाईल घेतला. त्याचे तीन हजार अजून माझ्या वहीत आहेत. पण आधीचं नोकरदार कुटुंब सात हजारांचं वीजबिल ठेवून गेलं होतं, तेव्हा कुणी मला "असल्या लोकांना खोली देऊ नका" असं म्हटलं नव्हतं.

आणखी एक, स्पष्टच बोलते. ज्यांच्या घरात तीन-चार महिने भाड्याशिवाय चालणार नाही, त्यांनी या मुलांना खोली देऊ नये. त्यात कमीपणा नाही. मी आधी सहा महिन्यांच्या कर्जहप्त्यांची रक्कम बाजूला टाकली, तेव्हा कुठे मला थांबता आलं. नाहीतर सप्टेंबरात पुन्हा तेच बोलले असते.

आता सकाळी साडेसातला मी जिन्यावरून हाक मारते, "उठा रे, हजेरी गेली तर माझं भाडं जाईल!" मुलं हसतात. मी खोटं बोलत नसते.

बारावीचे निकाल लागले की मुलंमुली खोल्या शोधत पेठ रोडपासून गंगापूर रोडपर्यंत हिंडायला लागतात. ज्यांच्याकडे खोली आहे, त्यांनी चहाच्या वेळी मला भेटा. करारनाम्याचे कोरे नमुने आणलेत, दहा प्रती आहेत. कमी पडल्या तर खाली झेरॉक्सचं दुकान उघडं आहे.