कागदावरचं घर आधी जमिनीवर उतरवून बघा



दर वेळी मी बचत, कर्जफेड, गटाचं दप्तर याविषयी बोलते. आज घराविषयी बोलणार आहे. बांधकाम कसं करायचं हे गवंडी सांगेल. मी सांगणार आहे ते त्याच्या आधीचं. घराचा नकाशा हातात आला की तो कुणाला दाखवायचा, कसा दाखवायचा आणि कुणाचं किती ऐकायचं.

आमचं जुनं घर मातीचं, दोन खोल्यांचं. मागच्या पावसाळ्यात पाठीमागची भिंत फुगली, तेव्हा नवीन बांधायचं ठरलं. थोडे पैसे साठवलेले होते, थोडं माझं गटाचं कर्ज होतं. आमच्या ह्यांनी तालुक्याच्या गावी जाऊन नकाशा काढून आणला. पुढे बारा बाय सोळाचा हॉल, मागे स्वयंपाकघर, दोन खोल्या, संडास, बाथरूम. आठ-दहा दिवस तो कागद भिंतीला लावलेला होता. येईल तो पाहुणा बघायचा आणि म्हणायचा, "झकास झालाय." मलाही झकासच वाटत होता. खरं सांगायचं तर मला त्यातलं फारसं कळतच नव्हतं. बीए झाले असले तरी रेघांवरून खोली डोळ्यांपुढे उभी राहत नव्हती, आणि तसं म्हणायची लाज वाटत होती.

मग तो कागद मी गटाच्या बैठकीत नेला. वसुली झाली, सह्या झाल्या आणि सगळ्यांपुढे उलगडला. म्हटलं, "बघा गं, काय वाटतं?" सगळ्या गप्प. एकजण म्हणाली, "आम्हाला काय कळतंय त्यातलं? चांगलाच असंल." आमच्यात एक मावशी आहेत. आयुष्यभर बांधकामावर घमेली उचलली. त्या म्हणाल्या, "पोरी, कागद ठेव घडी घालून. जाग्यावर आखून दाव, मग सांगते."

दुसऱ्या दिवशी आम्ही पाच-सहाजणी जागेवर गेलो. खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, टेपनं मापं घेतली आणि फक्की टाकली. फक्की संपली तेव्हा चुलीतली राख वापरली. दारं असतील तिथे रेघ मोकळी सोडली. खिडकीच्या जागी दोन विटा ठेवल्या. तासाभराचं काम. मावशी म्हणाल्या, "आता सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत काय करतीस ते करून दाव." आधी हसू आलं, मग मी खरंच चालायला लागले.

पहिलीच गोष्ट ध्यानात आली ती बाथरूमची. त्याचं दार हॉलमध्ये उघडत होतं आणि बरोबर समोर घराचं मोठं दार. माझी मुलगी आठवीत आहे. ती त्या रेघेत उभी राहिली आणि म्हणाली, "आई, अंघोळ करून बाहेर आले आणि समोर बाबांची माणसं बसलेली असली तर?" इतके दिवस कागद भिंतीवर होता, पण हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, कारण पोरीला कुणी विचारलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघराची. कागदावर दहा बाय दहा लिहिलं होतं. मावशींनी विचारलं, "आतून का बाहीरनं?" ते माप बाहेरून निघालं. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी गेली की दहा फुटांतलं दीड फूट भिंतीनंच खाल्लं. राहिलं साडेआठ, आणि त्यातूनही गिलाव्याचा जाडपणा वजा. त्यात ओटा, पिंप, गॅसची टाकी. सणासुदीला दोघीजणी पुरणपोळ्या करायला बसल्या तर तिसरीला आत यायला वाट नाही. एकमेव खिडकी शेजाऱ्याच्या भिंतीकडे होती.

तिसरी गोष्ट सासूबाईंची. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. त्यांची खोली पुढे हॉलशेजारी आणि संडास पार मागच्या कोपऱ्यात. वाटेत हॉल, स्वयंपाकघर आणि एक पायरी. आत्यांचे गुडघे दुखतात. रात्री त्या दोन-तीनदा उठतात, आणि आताच कुणाला हाक मारायची नको म्हणून संध्याकाळनंतर पाणी प्यायचं टाळतात. हे मला माहीत होतं. पण नकाशा बघताना आठवलं नव्हतं.

एवढं सगळं घेऊन मी घरी गेले आणि चूक केली. सगळं एका दमात सांगितलं, तेही पाहुण्यांदेखत. ह्यांना राग आला. म्हणाले, "घर मी बांधतोय का तुझा गट?" मलाही लागलं. कर्जाचे हप्ते मी भरणार, हे शब्द तोंडापर्यंत आले होते. पण त्या रात्री बोलले असते तर हप्त्यांचं भांडण झालं असतं आणि घर तसंच बांधलं गेलं असतं.

दोन दिवसांनी मी एवढंच म्हटलं, "एकदा आत्यांना घेऊन जागेवर चला." संध्याकाळी आम्ही गेलो. जिथे आत्यांची कॉट येणार तिथे त्यांना खुर्ची दिली आणि ह्यांना म्हटलं, "आता त्यांना संडासापर्यंत न्या. लाइट गेलीय असं समजा." ह्यांनी आईचा हात धरला आणि फक्कीच्या रेघांमधून निघाले. आत्या मध्ये दोनदा थांबल्या. पायरीच्या जागी आम्ही वीट ठेवली होती, तिथे त्यांचा पाय अडखळला. परत येऊन हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनीच टेप मागितला.

हॉल सोळा फुटांवरून तेरावर आला. त्या वाचलेल्या तीन फुटांत एक बोळ निघाला. बाथरूम आणि संडासाची दारं त्या बोळात गेली, आणि आत्यांच्या खोलीचं दारही तिथेच. पायरी काढून टाकली. स्वयंपाकघर आग्नेयेलाच ठेवलं, कारण चुलतसासऱ्यांचा वास्तूवर विश्वास आहे. तसंही तिथे सकाळचं ऊन येतं, म्हणून त्यांचंही मन राहिलं आणि माझंही काम झालं. फक्त खिडकी पूर्वेकडे घेतली. नकाशा काढणाऱ्यांनी कॉलमच्या जागा तपासून नवीन कागद दिला. ते म्हणाले, "आत्ता आलात ते बरं. पाया भरल्यावर आला असतात तर फोडाफोड होती."

सगळंच मनासारखं झालं असं नाही. मला ओसरी हवी होती, गटाच्या बैठकीसाठी. पैसे पुरले नाहीत. ज्वारीची पोती ठेवायला कोठीची खोली हवी, असं दोघीजणींनी सांगितलं होतं, ते मी मनावर घेतलं नाही. आज पोती हॉलमध्ये आहेत आणि रोज मला त्या दोघींची आठवण येते.

मैत्रिणींनो, यातून मी जे शिकले ते सांगते.

एक, "कसा वाटला?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "चांगला आहे" असंच येतं, कारण कुणाला वाईटपणा नको असतो. नेमकं विचारा. पाहुणे बसलेले असताना मुलगी बाथरूममधून कुठून जाईल? नळाचं पाणी येईल तेव्हा पिंप कुठे ठेवू? पाळीचे कपडे उन्हात कुठे वाळतील? पावसात सरपण कुठे राहील? रात्री म्हातारं माणूस संडासाला कसं जाईल? बाळंतीण घरात असली तर तिला निवांत कोपरा कुठला?

दोन, जी माणसं घरात जास्त वेळ राहणार, त्यांना आधी विचारा. म्हातारी माणसं, पोरीबाळी, घरातल्या बाया. पाहुण्यांचं मत ऐका, पण ते दोन तास बसून जाणार आहेत.

तीन, अलीकडे घर बांधलेल्या बाईकडे जा. तिचं घर बघून "छान आहे" म्हणू नका. "परत बांधायचं झालं तर काय बदलशील?" असं विचारा. तिथे तुम्हाला फुकटात शहाणपण मिळतं.

चार, सगळ्यांचं सगळं ऐकायला गेलात तर घर उभंच राहणार नाही. मी वहीत दोन रकाने केले होते. एकात नंतर दुरुस्त करता येतील अशा गोष्टी, जसं रंग, फरशी, कपाट. दुसऱ्यात नंतर बदलता न येणाऱ्या, जसं कॉलम, जिना, संडासाची जागा, खिडक्या-दारांची तोंडं. भांडायचं असेल तर दुसऱ्या रकान्यासाठी भांडा. ओट्याची उंची मात्र विसरू नका. टेबलावर पाट ठेवून, उभं राहून पीठ मळून बघा. खांदे वर न उचलता हात चालतो ती तुमची उंची.

घरकुल मंजूर झालेल्या मैत्रिणी म्हणतील, आमचं घर केवढंसं, त्यात काय आखायचं? प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २७० चौरस फूट धरलं आहे, आणि त्यातच स्वयंपाकाची जागा. अशा घरात एक दार चुकीच्या बाजूला गेलं तर कॉट लावायला भिंत उरत नाही. तेव्हा लहान घर तर आधी आखूनच बघा. नकाशात बदल केलात तर ग्रामपंचायतीत दिलेली प्रतही बदलून घ्या. आणि घर उभं राहिलं की नमुना आठवर पती-पत्नी दोघांची नावं लागली आहेत ना, हे स्वतः जाऊन वाचा.

आमच्याकडे वास्तुशांत झाली त्याला आता काही महिने झाले. परवा रात्री मला जाग आली. बोळात लाइट लागली, दार वाजलं, पाण्याचा आवाज आला आणि लाइट बंद झाली. आत्या एकट्या जाऊन आल्या होत्या. सकाळी त्यांनी त्याचा उल्लेखही केला नाही. पण हल्ली रात्री जेवताना त्या तांब्याभर पाणी मागून घेतात.

तुमच्यापैकी कुणाचा नकाशा तयार असेल तर पुढच्या बैठकीला घेऊन या. टेप माझ्याकडे आहे. फक्की तेवढी तुम्ही आणा.