पद्मिनी, मे महिना आणि ओलं फडकं

बाबांची १९७४ ची प्रीमियर पद्मिनी घरच्याच शेडमध्ये पुन्हा रस्त्यावर आणली. पण नागपूरचा मे महिना, पारा ४५ च्या वर. सिग्नलला गाडी बंद पडायची. मी कार्बोरेटर तीनदा खोलला. दोष त्याचा नव्हताच! इंजिनवरचा पंप तापून आत पेट्रोलची वाफ व्हायची. बाबा पंपावर ओलं फडकं का ठेवायचे, ते तेव्हा कळलं.

मित्र म्हणाला, "नवीन इंजिनच टाक ना बे!" पण २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' नोंदणी हवी असेल, तर इंजिन, चेसिस, बॉडीत मोठा बदल चालत नाही. म्हणून १०८९ सीसीचं मूळ इंजिन ठेवलं. पेट्रोलची नळी तेवढी गरम भागापासून दूर नेली.

फडकं मात्र अजून डिकीत आहे.