पोस्टकार्डाखालची चाल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला 'माझा छंद' ह्या विषयावर चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी म्हटले, "अहो, मला ना धड विणकाम येत, ना भरतकाम. माझा छंद ऐकून बायका हसतील." त्या म्हणाल्या, "हसू द्या." म्हणून उभी राहिले आहे. गेली तीन वर्षे दुपारची झाकपाक झाली की मी बुद्धिबळाचा पट मांडते आणि शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या परक्या पुरुषांच्या चाली ओळखीत बसते.

ह्याचे कारण आमचे हे. ह्यांना बुद्धिबळाचा नाद तरुणपणापासूनचा. समोरच्या बिऱ्हाडातले त्यांचे स्नेही रोज संध्याकाळी येत, आणि मी चहा नेऊन ठेवी. ते स्नेही मुलाकडे बेंगळुरूला कायमचे राहायला गेले. मग हे एकटेच पट मांडीत, एक चाल इकडून करीत, उठून पलीकडे जाऊन बसत आणि दुसरी चाल तिकडून करीत. मला ते पाहवेना. माहेरी भावांबरोबर खेळून सोंगट्या कशा चालतात एवढे मला येत होते, म्हणून मीच एकदा समोर जाऊन बसले. दहाव्या-बाराव्या चालीला माझा वजीर गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याने हे मला म्हणाले, "राहू दे, तुला स्वयंपाक असेल." स्वयंपाक झालेला होता आणि ते त्यांनाही ठाऊक होते.

हे शब्द मला लागले, हे कबूल करते. त्यांनी टाकून बोलले असते तर बरे वाटले असते.

माझा भाचा शाळेच्या स्पर्धांत खेळतो. त्याला मी गुपचूप विचारले. तो म्हणाला, "मावशी, नुसते खेळून खेळून त्याच चुका पक्क्या होतात. तू मोठ्या खेळाडूंचे डाव ओळख." रीत त्यानेच सांगितली. एखाद्या नामांकित डावाची नोंद घ्यायची आणि ती पोस्टकार्डाने झाकायची. जिंकणाऱ्याच्या बाजूने बसायचे. पहिल्या चार-पाच चाली तशाच मांडायच्या आणि पुढची प्रत्येक चाल आपण शोधायची. सुचली की वहीत लिहायची, आणि मगच कार्ड खाली सरकवायचे. जुळली तर एक गुण. नाही जुळली तर आपली सोंगटी मागे घेऊन त्यांची चाल करायची, दुसऱ्या बाजूचे उत्तर मांडायचे आणि पुढे जायचे.

ह्यात लिहिण्याला फार महत्त्व आहे. प्रथम मी ते टाळीत असे. कार्ड सरकवले की वाटे, हे तर मला सुचलेच होते! असे चार दिवस मी स्वतःला फसवले. मग दुधाच्या हिशेबाची जुनी वही काढली आणि चालीपुढे कारणही लिहू लागले. शाईने लिहिलेले नाकारता येत नाही.

माझा पहिला डाव पॉल मॉर्फी ह्यांचा. हे गृहस्थ अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचे. १८५८ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते पॅरिसच्या ऑपेरागृहात ब्रन्सविकचे ड्यूक आणि काउंट इझुआर ह्या दोघांविरुद्ध एकटे खेळले आणि सतरा चालींत त्यांनी मात केली. पाचव्या चालीपासून तेरा चाली मला ओळखायच्या होत्या. चार जुळल्या, आणि त्यांतही एक होती मारलेल्या सोंगटीचा मोबदला घेण्याची, म्हणजे कोणालाही सुचेल अशी.

आठव्या चालीला मॉर्फींचा वजीर असा उभा आहे की समोरच्याचे वजिराच्या घोड्यापुढचे प्यादे अलगद उचलता यावे. मी लिहिले, "प्यादे खाणे. फुकट आहे." कार्ड सरकवले, तर त्यांनी घरात बसलेला दुसरा घोडा बाहेर काढलेला! प्यादे खाणे ही चूक नव्हती. पण मग समोरचा वजीर शह देऊन उभा राहिला असता, वजिराला वजीर जाऊन डाव थंडावला असता. शह येईल हे मी पाहिलेच नव्हते. पुढे दोन चालींनी तोच घोडा त्यांनी दोन प्याद्यांसाठी देऊन टाकला, मग एका घोड्यासाठी हत्ती दिला, आणि सोळाव्या चालीला चक्क वजीर! माझ्या वहीत तिथे नुसते प्रश्नचिन्ह आहे. सतराव्या चालीला उरलेल्या हत्तीने मात झाली, पाठीशी एक उंट. दुसऱ्या बाजूचा एक उंट आणि एक हत्ती शेवटपर्यंत जागचे हललेही नव्हते. पाहुण्यांनी घर भरले आहे आणि दोन जावा खोलीत निजून आहेत, तसे.

महिनाभराने वही उलटून पाहिली, तेव्हा माझ्या चुका भराभर सापडल्या. बहुतेक एकाच जातीच्या. समोर पडलेले उचलायचे, समोरचा काय करील ते पाहायचे नाही, आणि घरातली माणसे बाहेर काढायची नाहीत. हे मला ह्यांच्याशी शंभर डाव हरून कळले नसते, कारण हरल्यावर वाटे की ते हुशार आणि मी मंद, बस्स. सहा महिन्यांनी मॉर्फींचा तोच डाव पुन्हा घेतला आणि बारा चाली जुळल्या. पण ती आठवण होती, ते गुण मी धरले नाहीत.

बायकांचा हा खेळ नव्हे असे कोणाला वाटत असेल, तर १९७४ साली झालेली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकर ह्यांनी जिंकली होती. पुढे त्यांच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी ह्यांनीही ते पद मिळवले. नागपूरच्या दिव्या देशमुखने तर २०२५ साली, एकोणीस वर्षांची असताना, महिलांचा विश्वचषक आणला. विश्वनाथन आनंद ह्यांना हा खेळ त्यांच्या आईनेच शिकवला. मनिलाला राहत असताना दूरचित्रवाणीवर दुपारी बुद्धिबळाचा कार्यक्रम लागे. मुलगा शाळेत असे, म्हणून त्या माउली त्यातले कोडे लिहून ठेवीत आणि घरी आल्यावर दोघे मिळून ते सोडवीत. ही हकीकत वाचली तेव्हा मला माझी दुधाची वही आठवली.

ह्यांना मी वर्षभर काही कळू दिले नाही. मग एका संध्याकाळी म्हटले, "अहो, मांडता का?" त्यांनी जांभई देतच मांडला. बाराव्या चालीला त्यांनी एक प्यादे पुढे ठेवले. मला ते फुकट दिसले, हात पुढे गेला, आणि मी तो मागे घेऊन उंट काढला. ह्यांनी माझ्याकडे पाहिले. नंतर चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मी म्हटले, "चहा आणू का?" तर म्हणाले, "थांब गं, विचार करू दे." तो डाव मी हरलेच, पण रात्रीचे जेवण साडेनऊला झाले. आता दहांतले दोन-तीन डाव मी घेते, आणि हरल्यावर हे दुसऱ्या दिवशी चारलाच पट मांडून बसतात.

मंडळाच्या कपाटात एक पट आहे. त्याचा एक घोडा हरवला आहे, तिथे बाटलीचे बूच चालेल. ज्यांना यायचे असेल त्यांनी गुरुवारी तीन वाजता यावे. वही आपापली आणावी. पोस्टकार्डे मी आणीन.