मलावीचे मासे आणि मुठेतली चिलापी



पुण्याच्या वारज्यातल्या बऱ्याच सोसायट्यांमध्ये दोन प्रकारचं पाणी असतं, कॉर्पोरेशनचं आणि बोअरचं. कॉर्पोरेशनचं म्हणजे खडकवासला धरणाचं पाणी सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं, म्हणून हलकं. त्यात डाळ पटकन शिजते, साबणाला फेस येतो. बोअरचं जड. नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरतो, गिझर खराब होतो, आणि मीटिंगमध्ये त्यावरून दरवेळी कुरकुर होते. पण घरी आफ्रिकेतले सिक्लिड मासे पाळणाऱ्याला हे क्षारांचं पाणीच सोयीचं पडतं.

यांतले बरेच मासे मूळचे मलावी सरोवरातले. सरोवर साडेपाचशे किलोमीटरहून लांब, खोली सातशे मीटरच्या घरात, आणि पाणी अल्कधर्मी, पीएच आठच्या आसपास. तिथे सिक्लिडच्या शेकडो जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. आपल्या दुकानांत येतात ते मासे मात्र बहुतेक टाकीतच जन्मलेले असतात. तरी पाण्याची आवड पिढ्यान्‌पिढ्या तीच. नुसतं धरणाचं पाणी वापरायचं असेल, तर फिल्टरमध्ये शिंपल्यांची चुरी ठेवतात; ती हळूहळू विरघळते आणि पीएच घसरू देत नाही. कपारींसाठी आपला सह्याद्रीचा काळा दगड उत्तम. खडकांवरचं शेवाळ खरवडून खाणाऱ्या जातींना मांसाहारी खाद्य सोसत नाही, पोट फुगून मासा दगावतो. त्यांना शेवाळाचं खाद्य द्यावं, अधूनमधून वाफवलेला पालक.

या माशांची खरी नवलाई पिल्लांच्या वेळी दिसते. मादी अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. नराच्या शेपटीजवळच्या खालच्या परावर अंड्यांसारखे पिवळे ठिपके असतात. तीही अंडीच समजून मादी टिपायला जाते आणि त्याच वेळी तिच्या तोंडातली अंडी फळतात. पुढचे सुमारे तीन आठवडे ती जवळजवळ काही खात नाही. हनुवटीखालचा भाग फुगलेला, आणि तोंड सतत चघळल्यासारखं हलतं, कारण अंड्यांना ताजं पाणी मिळायला हवं. खाद्य टाकलं की बाकीचे मासे तुटून पडतात. ती कपारीत थांबते. हे पाहिल्यावर मला या माशांबद्दल जे वाटतं त्याला आदरच म्हणावं लागेल.

आता थोडं मुठेबद्दल. वारज्याच्या कडेने वाहणाऱ्या या नदीतही एक आफ्रिकी सिक्लिड आहे, आणि मासेमार त्याला चिलापी म्हणतात. ही मोझांबिक तिलापिया. 1952 साली खाण्याचा मासा म्हणून ती भारतात आणली गेली आणि तलावा-धरणांतून सगळीकडे पसरली. 1942 मध्ये फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांवर सविस्तर लेख लिहिला, तेव्हा ती इथे नव्हतीच. अलीकडच्या पाहण्यांत मुळा-मुठेतली तिची नोंद आहे, आणि जुन्या यादीतले कितीतरी मासे मात्र दिसेनासे झाले आहेत. त्याला सांडपाणी फार मोठं कारण आहे, हे खरं. पण अशा बिघडलेल्या पाण्यातही चिलापी तगते, आणि तीसुद्धा पिल्लं तोंडातच सांभाळते. टाकीत ज्या मायेचं आपण कौतुक करतो, तीच नदीत गेल्यावर आपल्या माशांना भारी पडते. त्यांची अंडी उघड्यावर, हिची तोंडात सुरक्षित.

म्हणून घर बदलताना किंवा हौस संपल्यावर टाकीतले मासे नदीत सोडणं मला फार वाईट वाटतं. सोडणारा दया म्हणूनच सोडतो. पण उजनी धरणात मासेमारांच्या जाळ्यात येणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला आणि आपल्याकडे काचेच्या टाकीसाठीच आणलेला. जाळं फाडतो, आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही.

पिल्लं जास्त झाली तर दुकानात विचारा. पुष्कळ दुकानदार ती घेतात, बदल्यात खाद्यही देतात. तेही नको असेल तर नर आणि मादी वेगवेगळ्या टाक्यांत ठेवा. पाणी बदलताना जुनं पाणी कुंड्यांना घाला, आणि बादलीत एखादं पिल्लू आलं नाही ना, एवढं तेवढं आधी बघून घ्या.