पगाराची चिठ्ठी आणि घराची वीट



या व्यासपीठावरून आजवर विद्वान मंडळी बोलून गेली. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण दिवसा मागाच्या खडखडाटात आणि रात्री नगर वाचनालयात झाले. तेव्हा एका हिशेबी माणसाचे बोलणे म्हणून हे ऐकावे.

विषय परक्या मुलखाचा आहे. अमेरिकेत खेड्यातल्या माणसाला सरकारच्या आधाराने घरासाठी कर्ज मिळते. ते कोणाला मिळते आणि कोण दाराबाहेर राहतो, हे पाहायचे आहे. हा विषय का घेतला, ते आधी सांगतो.

वीस वर्षांपूर्वी आमच्या संघटनेचा एक यंत्रमाग कामगार घरकर्जाचा अर्ज घेऊन माझ्याकडे आला. पगाराचा दाखला हवा होता. मालक म्हणाला, "सही केली तर तू माझा कामगार ठरशील. मग फंड द्या, बोनस द्या!" सतरा वर्षे एकाच कारखान्यात राबलेला माणूस कागदावर कोणाचाच कामगार नव्हता. कर्ज बुडाले. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी पाहू." त्या वाक्याची मला अजून लाज वाटते. तेव्हापासून 'पात्रता' हा शब्द दिसला की मी थांबून वाचतो.

आता अमेरिकेकडे वळू. १९४९ साली तिथे गृहनिर्माणाचा मोठा कायदा झाला. त्याच्या ५०२ व्या कलमाने खेड्यात सरकारी कर्ज आणले, पण आरंभी ते शेतमालकाला. ज्याची जमीन त्याला घर. जो त्या जमिनीवर घाम गाळतो त्याचे नाव नाही! १९६१ साली कायदा बदलला आणि जमीन नसलेल्या ग्रामस्थालाही दार उघडले. घर तेच, माणूसही तोच. बदलली ती फक्त व्याख्या.

आज या कर्जाच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत सरकारचे कृषिखाते स्वतः कर्ज देते. मुदत ३३ वर्षे, फार कमी उत्पन्न असेल तर ३८. हाती रोख भरणा नसला तरी चालते, आणि गरिबाला व्याजाचा भार १ टक्क्यापर्यंत उतरवून मिळतो. मात्र घर विकले की त्या सवलतीचा काही भाग सरकार परत मागू शकते. दुसरीत पैसे बँकेचे आणि हमी सरकारची. कर्ज बुडाले तर ९० टक्क्यांपर्यंत सरकार उभे राहते.

पात्रतेची मापे कौंटीगणिक ठरतात. कौंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा म्हणा. तिथली सारी कुटुंबे उत्पन्नाच्या क्रमाने रांगेत उभी केली, तर मधोमध येणाऱ्याचे उत्पन्न हा गज. सरकारी कर्जाला त्याच्या ८० टक्क्यांच्या आत असावे लागते, हमीच्या कर्जाला ११५ टक्क्यांपर्यंत चालते. उत्पन्न एकट्या कर्त्याचे नव्हे, घरातल्या सर्व कमावत्यांचे मोजतात. शिवाय घर ग्रामीण भागातच हवे, आणि 'ग्रामीण' कशाला म्हणावे हे लोकसंख्येवर ठरते. शहर फुगले की कालचा पात्र पत्ता उद्या अपात्र.

कॅलिफोर्नियातली तुलेरी कौंटी घ्या. संत्री, द्राक्षे, दूधदुभते, सारे विपुल. पण ते फळ तोडणारे मजूर वुडव्हिल आणि लिनेल इथल्या वसाहतींत पत्र्याच्या खोल्यांत राहत. १९६५ साली त्या खोल्यांचे भाडे वाढले. गिल्बर्ट पडिया आणि जिम ड्रेक या कार्यकर्त्यांनी मजुरांना एकत्र केले आणि भाडेबंदीचा लढा उभा राहिला. त्याच वर्षी सप्टेंबरात शेजारच्या डिलेनोत द्राक्षमळ्यांचा प्रसिद्ध संप झाला. पाहा, मजुरीच्या आधी छपराचा प्रश्न पेटला होता!

याच कौंटीत दुसरेही एक काम झाले. क्वेकर पंथीयांच्या सेवासमितीने मजूर कुटुंबांना मिळून घरे बांधायला शिकवले, आणि त्यातून १९६५ साली 'सेल्फ हेल्प एंटरप्रायझेस' ही संस्था निघाली. पद्धत अशी: आठदहा कुटुंबे एकत्र येतात, सरकारी कर्ज घेतात आणि बांधकामातले सुमारे ६५ टक्के श्रम स्वतः करतात. रोख भरण्याच्या जागी घाम! आणि नियम असा की सगळी घरे पुरी होईतो कोणीही राहायला जायचे नाही. बंधूंनो, संघटनेची याहून चांगली व्याख्या मला कुठल्या ग्रंथात सापडली नाही.

पण तिथेही सारे आलबेल नाही. अर्ज नाकारला तर ३० दिवसांत अपील करता येते, ही गोष्ट चांगली. तरी पैसा दरवर्षी संसद मंजूर करील तेवढाच. पात्र ठरला म्हणजे मिळालेच असे नाही. हंगामी मजुराला आपली कमाई कागदाने सिद्ध करावी लागते. ज्याच्याजवळ त्या देशात राहण्याचेच कागद नाहीत, त्याने कितीही पिके तोडली तरी अर्जाच्या खिडकीपाशी तो नाहीच.

आपल्याकडे २०१६ पासूनच्या घरकुल योजनेत मुख्य मदत अनुदानाची आहे, कर्जाची नव्हे. म्हणून तुलना जपून करावी. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. सरकार माणसाला पाहत नाही, त्याचा कागद पाहते. यात सरकारला शिव्या देऊन भागत नाही, कारण कागद न मागता पैसा वाटला तर तो आधी कोणाच्या घरात जाईल हे आपण सारे जाणतो. म्हणून मजुराच्या हातात खरा कागद देणे, हेच काम आहे.

त्या फसलेल्या अर्जानंतर आम्ही मालकांपुढे पहिली मागणी ठेवली ती पगारवाढीची नव्हे, पगारचिठ्ठीची. तरुण सभासद माझ्यावर रागावले. चिठ्ठीने पोट भरते का, म्हणाले. तीन वर्षांनी चिठ्ठी मिळाली. तिच्या जोरावर पुढे कित्येकांची घरे झाली. ज्याच्यापायी ती मागितली, त्याचे वय मात्र तोवर कर्जाच्या मर्यादेपलीकडे गेले होते. तो आजही भाड्याच्या खोलीत राहतो आणि नव्या पोरांचे अर्ज भरून देतो.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी, दुकानात, कारखान्यात कोणीतरी काम करते. माझी विनंती एवढीच, की उद्या त्या माणसाला त्याच्या पगाराची सही केलेली चिठ्ठी द्या. आपल्याला कागदाचा एक तुकडा, त्याला घराची पहिली वीट.